आहे की असेल?

मी स्पॅनिशची दुभाषी आहे. बहुतेक काम कागदांचं: करार, पावत्या, पत्रं. त्या रात्री मात्र गिरगावातल्या एका रुग्णालयातून बोलावणं आलं. मालवाहू जहाजावरचा पेरूचा खलाशी, पायाची जखम चिघळलेली, तापात बरळत होता. व्हिडिओ कॉलवर त्याची बहीण, काय्याओ बंदराच्या गावातून. आपल्याकडे रात्रीचे आठ, तिच्याकडे सकाळचे साडेनऊ.

डॉक्टर मॅडमना एकच गोष्ट हवी होती: पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे का? बहीण म्हणाली, "तेंद्रा आलेर्खिया." मी पोहोचायच्या आधी जहाजाच्या एजंटने मोबाईलवर याचंच भाषांतर काढलं होतं, 'अ‍ॅलर्जी होईल'. मॅडम वैतागल्या होत्या. "होईल म्हणजे? अजून इंजेक्शन दिलंच नाहीये!"

'तेनेर' म्हणजे जवळ असणं. भविष्यकाळात त्यातला दुसरा 'ए' गळतो आणि 'द' शिरतो: तेंद्रे, तेंद्रास, तेंद्रा. पुस्तकात हा धडा पुढच्या काळाचा म्हणून येतो. पण लॅटिन अमेरिकेत पुढचं सांगायला लोक रोजच्या बोलण्यात बहुधा 'वा आ तेनेर' म्हणतात, आणि 'तेंद्रा' बरेचदा अंदाजासाठी येतं. आपणही म्हणतोच ना, 'तो आत्ता घरी असेल'? रूप भविष्याचं, गोष्ट आत्ताची. मराठी माणसाला हे किती सहज कळतं, याचा मला दर वेळी आनंद होतो. मी कॉलवर आल्या आल्या बहिणीने विचारलं होतं, "के ओरा सेरा आया?" तिकडे किती वाजले असतील?

"मॅडम, ती 'असेल' म्हणतेय."

"कशावरून?"

लहानपणी सुई टोचल्यावर भावाचं तोंड सुजलं होतं, असं तिने घरात ऐकलेलं. मी दोन्ही रूपं तिच्यासमोर ठेवली: तिएने, म्हणजे 'आहे', की तेंद्रा? ती गप्प झाली. मग फोन घेऊन उठली. पडद्यावर छत हललं, एक दार आलं, आणि ॲप्रनला हात पुसणारी म्हातारी आई दिसली. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत ती म्हणाली, "तिएने." कोणतं इंजेक्शन, ओठ कसे सुजले, धाप कशी लागली, सगळं तिने घडाघडा सांगितलं. ती तेव्हा तिथेच उभी होती.

"आहे," मी म्हटलं.

मॅडमनी केसपेपरवर लाल पेनाने तशी नोंद केली आणि सिस्टरना दुसरं अँटिबायोटिक काढायला सांगितलं.