उत्तर आलं नाही, एवढंच कळतं

दूध संकलन केंद्रांवरच्या मशीनवरून लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) थेट सर्व्हरवर यायचं. ते प्रोग्रॅमिंग माझ्याकडे होतं. पायथॉन आणि साधं टीसीपी सॉकेट, म्हणजे नेटवर्कवरून मशीन आणि सर्व्हर जोडणारा दुवा. ऑफिसात सगळं सुरळीत चाललं. गावोगावी बसवल्यावर चौथ्या दिवशी सकाळी सर्व्हर ढिम्म. लॉगमध्ये एक एररसुद्धा नाही.

शोधलं तेव्हा दिसलं, सगळेच्या सगळे ५० थ्रेड (सर्व्हरमध्ये एकेक कनेक्शन सांभाळणारे) रिसीव्हवर, म्हणजे समोरून डेटा यायची, वाट बघत बसलेले. गावात लाइट गेली की राउटर बंद पडतो. 'मी कनेक्शन तोडतोय' हे सांगायला तो उरतच नाही, त्यामुळे सर्व्हरच्या लेखी ते कनेक्शन जिवंतच. मला वाटायचं, हे ऑपरेटिंग सिस्टिम बघून घेत असेल. पण कीपअलाइव्ह, म्हणजे समोरचा अजून आहे का याची चाचपणी, आपण चालू करावं लागतं, आणि केलं तरी लिनक्स पहिली चाचपणी ७२०० सेकंदांनी करतो. दोन तास! तोवर सकाळचं संकलन आटोपलेलं असतं.

मग ३० सेकंदांचा टाइमआउट लावला: तेवढ्या वेळात काही आलं नाही तर वाट बघणं सोडायचं. तोही पुरला नाही, कारण तो दर रिसीव्हला नव्याने मोजला जातो. रेंज कमी असली की थोडेथोडे बाइट येत राहतात आणि टाइमआउट कधी होतच नाही. शेवटी अख्ख्या नोंदीला एकच मुदत ठेवली आणि प्रत्येक रिसीव्हआधी उरलेला वेळ काढून तेवढाच दिला. रिसीव्हमधून रिकामे बाइट आले तर समोरच्याने कनेक्शन बंद केलंय, हेही तेव्हाच नीट हाताळलं.

खरा घोर लागला तो बिलं निघाल्यावर. एक मावशी पावती घेऊन आल्या. पावतीवर साडेसहा लिटर एकदा, बिलात दोनदा. म्हणाल्या, "दादा, आमची म्हैस एकच. सकाळी दोनदा कुठली धार काढायची?" पैसे जास्त मिळत होते, तरी सांगायला आल्या.

सर्व्हरने नोंद घेतली होती. पोच वाटेत हरवली. मशीनने टाइमआउट झाला म्हणून तीच नोंद पुन्हा पाठवली. टाइमआउट म्हणजे काम झालं नाही, असं मी धरून चाललो होतो, आणि चूक तिथेच होती. आता केंद्र, तारीख, पाळी आणि अनुक्रमांक मिळून प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक आहे. तोच पुन्हा आला तर सर्व्हर नोंद करत नाही, फक्त पोच परत देतो.

हल्ली नवीन केंद्र सुरू करताना मी स्वतः जातो. नोंद जात असताना राउटरची पिन उपटतो, पुन्हा लावतो, आणि संध्याकाळी रजिस्टर घेऊन एकेक ओळ ताडून बघतो.