चार वाक्यांचा बाप

अठरा वर्षं राज्य नाट्य स्पर्धेत कामं केली, बहुतेक सगळी सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात. त्यामुळे मालिकेची ऑडिशन जड जाईल असं वाटलं नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपवर चार वाक्यं आली. मुलीचं लग्न मोडल्याचं बाप नातेवाइकांना सांगतो. घरात मोकळी भिंत एकच, तिच्यावर निळी चादर लावली. भाच्याने मोबाईल धरला. नाव, वय, उंची, डावी बाजू, उजवी बाजू, मग वाक्यं. तासाभरात उत्तर आलं, "सर, थोडं कमी करा."

या 'कमी करा'पायी माझे पाच दिवस गेले. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायची सवय, आणि इथे मोबाईल हातभर अंतरावर. भुवई हलली तरी चेहराभर दिसते. शेवटी भाचाच म्हणाला, "मामा, आजोबा गेले तेव्हा मावशीला फोनवर जसं सांगितलाव, तसं बोला की." तसंच बोललो. तोच टेक पास झाला.

रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस, सकाळी गोरेगावची चित्रनगरी. कॉल नऊचा, माझा सीन लागला पावणेसहाला. दिवसभर मेकअप उतरू न देता, मन विझू न देता बसून राहणं हे या कामातलं सगळ्यात अवघड, असं माझं मत आहे.

मास्टर शॉटमध्ये, म्हणजे अख्खा प्रसंग एकत्र दिसतो त्या शॉटमध्ये, 'लग्न' या शब्दावर मी उजव्या हाताने चष्मा काढला. क्लोजअपला डावा हात गेला. "काका, उजवा होता," सहायक दिग्दर्शिका म्हणाली. दोन्ही शॉट पुढे जोडतात, हात जुळला नाही. टेक वाया. तेव्हापासून स्क्रिप्टवर शब्दाखाली पेन्सिलने हात लिहून ठेवतो.

पैसे नव्वद दिवसांनी ठरले होते, आले पाचव्या महिन्यात, टीडीएस कापून. म्हणून नव्यांना सांगतो, दिवस आणि मानधन आधी मेसेजवर लिहून घ्या.

पाहुणे विचारतात, हिरो कधी? त्यांना मी सांगतो, आपल्या सोलापुरात वाढलेल्या अतुल कुलकर्णींचे 'हे राम' आणि 'चांदनी बार'चे राष्ट्रीय पुरस्कार सहायक अभिनेत्याचेच आहेत. सोलापुरात जन्मलेल्या शशिकलाबाईंची 'आरती' आणि 'गुमराह'ची फिल्मफेअरही सहायक अभिनेत्रीचीच. मला हीच कामं करायची आहेत.

आता कधी पोस्टमन, कधी सरपंच, महिन्याला दोन-तीन दिवस मिळतात. काल न्यायाधीशाची सहा वाक्यं आली आहेत. भाचा कामावरून आला की चादर लावू.