टीओसीच्या एका आकड्यासाठी अकरा आठवडे

मी इचलकरंजीची. कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसचं रंगीत पाणी लहानपणापासून बघत आले, म्हणून एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला हा विषय मी मागून घेतला: काचेवर टिटॅनियम डायऑक्साइड या उत्प्रेरकाचा थर बसवून, यूव्ही (अतिनील) प्रकाशाखाली पाण्यातला रंग मोडणं. पावडर पाण्यात नुसती ढवळली तर काम लवकर होतं, पण ते बारीक कण पुन्हा वेगळे काढताना नाकी नऊ येतात. काचेवर बसवली की स्लाइड उचलली, संपलं. वेग कमी पडतो, तेवढं सोसायचं.

थर देणं, ४५० अंशांवर भाजणं, यूव्ही ट्यूबखाली मेथिलीन ब्लू हा निळा रंग निवळताना बघणं, हे सगळं दोन महिन्यांत झालं. आलेखात ६६४ नॅनोमीटरवरचं शिखर, म्हणजे हा रंग जिथे सर्वांत जास्त प्रकाश शोषतो ती जागा, जवळजवळ सपाट झालं, तेव्हा मला खूप आनंद झाला होता. सर म्हणाले, "रंग गेला, रेणू गेला का? कार्बनचा हिशोब दाखव."

त्यांचं बरोबर होतं. हा रंग नुसत्या क्षपणानेही (रिडक्शनने), रेणू न मोडता, बिनरंगी होतो, आणि मोडलेले तुकडेही दिसत नाहीत. म्हणून टीओसी, म्हणजे पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन, मोजायला हवा. यंत्र आमच्याकडे नव्हतं. दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेत होतं.

तिथल्या फॉर्मवर 'नमुन्याचं स्वरूप' असा रकाना होता. मी प्रामाणिकपणे 'रंगयुक्त सांडपाणी (कृत्रिम)' लिहिलं. तीन आठवड्यांनी बाटल्या परत आल्या, सोबत चिठ्ठी: सांडपाण्यासाठी सुरक्षितता प्रमाणपत्र जोडा. डिस्टिल्ड पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅम रंग, त्याला प्रमाणपत्र! फोन केला तर म्हणाले, "मॅडम, फॉर्मवर तुम्हीच लिहिलंय." दुसऱ्यांदा 'जलीय द्रावण' लिहिलं. या वेळी विभागप्रमुखांचा शिक्का दुसऱ्या पानावर नव्हता. तिसऱ्यांदा कागद पूर्ण होते, पण पैसे भरल्याची पावती त्यांच्या लेखा विभागातून प्रयोगशाळेत पोचायला बारा दिवस लागले. दोन्ही खोल्या एकाच इमारतीत. मी स्वतः एसटीने जाऊन पावतीची प्रत हातात दिली, तेव्हा कुठे नंबर लागला.

तोवर नमुने शिळे झाले होते. आम्लाने पीएच दोनच्या खाली आणून चार अंशांवर ठेवले तरी २८ दिवसांपर्यंतच ते धरायचे असतात. सगळा प्रयोग मी पुन्हा केला. तो राग अजून उतरलेला नाही. म्हणून सांगते, फॉर्म भरण्याआधी तिथल्या तंत्रज्ञाशी बोला आणि मागचा मंजूर झालेला फॉर्म बघायला मागा. नमुने नंबर नक्की झाल्यावरच बनवा.

आणखी एक. १० मिलिग्रॅम रंगात कार्बन फक्त ५-६ मिलिग्रॅम असतो. स्लाइड इथेनॉलने पुसून तशीच पाण्यात सोडली, तर तुम्ही मोजता ते इथेनॉल. थरात राहिलेले सेंद्रिय अंशही सुटू शकतात, म्हणून नवी स्लाइड आधी स्वच्छ पाण्यात तासभर यूव्हीखाली ठेवा आणि ते पाणी टाकून द्या.

आकडा शेवटी आला. रंग जवळजवळ सगळा गेला होता, कार्बन मात्र निम्मासुद्धा उतरला नव्हता. मला वाईट वाटलं नाही. तो आकडा खरा होता, आणि तो मी मिळवला होता.

हो, हे सुरुवातीलाच लिहायला हवं होतं: साध्या खिडकीच्या काचेवर थर देऊ नका. भाजताना काचेतलं सोडियम थरात शिरतं आणि उत्प्रेरक मंदावतो. बोरोसिलिकेट घ्या. आणि दिवा लावण्याआधी अर्धा तास अंधारात ठेवा, नाहीतर थराने नुसता शोषलेला रंगही मोडल्यात धराल. नुसत्या दिव्याने किती रंग जातो ते कळायला एक बीकर विनास्लाइड दिव्याखाली ठेवाच. परीक्षकांनी मला पहिला प्रश्न त्याचाच विचारला.