एअर रायफलवर स्वस्तात स्कोप बसवताना

माझी रायफल .१७७ ची (छर्ऱ्याचा व्यास, इंचात), ब्रेक-बॅरल (बॅरल खाली मोडून छर्रा भरायची), स्प्रिंगवाली. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार या कॅलिबरला, छर्ऱ्याची ऊर्जा २० जूलपर्यंत असेल तर, परवाना लागत नाही. गावी शेडमागे मातीच्या ढिगासमोर डबे पाडायचे, एवढीच हौस. मित्राने त्याचा ३-९x४० स्कोप (३ ते ९ पट मोठं दाखवणारी, ४० मिमी भिंगाची नेमदुर्बीण) दिला, पण तो रायफलवर धरून ठेवणाऱ्या रिंगांशिवाय. (स्कोप म्हटलं की लोक नेमबाज स्वप्निल कुसाळेचं नाव काढतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधलं त्याचं ब्राँझ बिनदुर्बिणीचं आहे. त्या प्रकारात स्कोप चालतच नाही.)

रिंगा घ्यायच्या तर आधी मापं. स्कोपची नळी १ इंच, म्हणजे २५.४ मिमी. रायफलवरची खाच ११ मिमी डव्हटेल (तिरप्या कडांची), त्यामुळे पिकॅटिनी किंवा वीव्हर या रुंद पट्ट्यांसाठीच्या रिंगा कितीही स्वस्त मिळाल्या तरी बाद. उंचीचं गणित घरीच केलं. पुढच्या भिंगाचं तोंड बाहेरून ४८ मिमी भरलं. त्याच्या निम्म्यातून नळीचे निम्मे वजा केले की ११.३ उरतात. म्हणजे नळी बॅरलपासून किमान तेवढी वर हवी. ‘लो’ रिंगांत तोंड टेकलं असतं, ‘मीडियम’मध्ये काम झालं.

दुकानदार चकचकीत रिंगांची जोडी दाखवत होता. मी मात्र स्टॉप पिन असलेला एकसंध माउंट (दोन्ही रिंगा एकाच तुकड्यात) मागितला. स्प्रिंग रायफल आधी मागे झटका देते आणि पिस्टन आपटला की पुढे, त्यामुळे माउंट हळूहळू मागे सरकत जातो. पिन खाचेतल्या भोकात बसली की तो जागेवर राहतो. साधं अॅल्युमिनियम, रिंगच्या प्रत्येक झाकणाला चार स्क्रू, किंमत हजाराच्या आत. ब्रँडच्या नावाला पैसे मोजण्यापेक्षा ही पिन आणि हे चार स्क्रू महत्त्वाचे, असं माझं स्पष्ट मत आहे.

बसवताना खाच आणि रिंगा स्पिरिटने पुसून तेल काढलं. रायफल उशांमध्ये सरळ टेकवली, समोरच्या भिंतीवर दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडला आणि स्कोपमधली उभी रेघ त्या दोऱ्याशी जुळवली. मग स्क्रू तिरके-तिरके, थोडे-थोडे आवळले. झाकणाच्या दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. एलन कीची लांब बाजू स्क्रूत आणि आखूड बाजू बोटांत धरायची, म्हणजे जोर आपोआप बेताचा लागतो. टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) असेल तर १५ ते १८ इंच-पाउंड पुरे. माउंटच्या मागच्या कडेला खाचेवर पांढऱ्या मार्करने रेघ ओढून ठेवली.

तरी छर्रे खालीच लागत होते आणि वरची टिकली (नेम वर-खाली करायची घुंडी) फिरवून संपली. ब्रेक-बॅरल रायफलचं बॅरल बऱ्याचदा किंचित खाली झुकलेलं असतं, त्याचा हा परिणाम. जुन्या फोटो-रोलची पट्टी कापून मागच्या रिंगच्या तळाशी घातली, टिकली पुन्हा मध्यावर आणली, आणि २० मीटरवर झिरो जमलं, म्हणजे नेम तिथेच छर्रा. माउंट अजून मार्करच्या रेघेवरून हललेला नाही. छर्ऱ्यांचा डबा संपला की स्क्रू बोटाने चाचपतो, पुन्हा पिळत मात्र नाही.