जुन्या जीन्स-टॉवेलचे पॉट होल्डर

पॉट होल्डर म्हणजे गरम भांडं धरायचा जाड कापडी चौकोन. त्याचं कापड शंभर टक्के सुती हवं. टेरिकॉट किंवा नायलॉन गरम भांड्याला लागलं की वितळून चिकटतं, स्ट्रेच जीन्सही नकोच. शंका आली तर दोन धागे जाळून बघा: सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि भुसभुशीत राख उरते, पॉलिस्टरची कडक गोळी होते.

एका होल्डरला 20 सेंमीचे चार चौकोन: बाहेरून जीन्सचे दोन, आत टर्किश टॉवेलचे दोन. टॉवेल झिजलेला असेल तर आत तीन थर घ्या. कापण्याआधी सगळं धुवा, नाहीतर नंतर टॉवेल आटतो आणि वरचं कापड फुगतं.

थर एकावर एक ठेवून टाचण्या लावा आणि 4 सेंमी अंतराने तिरक्या टिपा मारा. सुरुवात मधल्या कर्णापासूनच; कडेपासून केली की कापड सरकत जातं आणि शेवटच्या कोपऱ्यात चुण्या पडतात. सुई 16 नंबरची, टाका 3 ते 3.5 मिमी. दोरा शक्यतो सुती.

कोपरे वाटी ठेवून गोल कापा, म्हणजे कडेला लावायची 5 सेंमी रुंदीची तिरकी (कापड तिरकं कापून काढलेली) पट्टी नीट वळते. अडकवायच्या लूपसकट ती मीटरभर लागते.

हातमोजा शिवायचा तर पंजाभोवती 4 सेंमी जास्त ठेवा. अंगठ्याच्या बेचक्यात टिपेपर्यंत कात्रीचा छेद द्या. तो विसरला की उलटवल्यावर तिथे हमखास गोळा होतो. आणि ओला होल्डर वापरू नका, पाण्यातून चटका लगेच पोचतो.