तुम्ही विचारलंत म्हणून: लांब रोटी किती दिवसांत जमते?

"लांब रोटी किती दिवसांत जमते जी?" कोणाच्या घरी उलट्या माठावरची रोटी पोटभर खाऊन आलेला माणूस हे हमखास विचारतो. त्याच्या डोळ्यांपुढे ती आरपार दिसणारी, रुमालासारखी घडी पडणारी रोटी असते. माझं उत्तर ऐकून तो हिरमुसतो: पहिले काही दिवस चूल पेटवूच नका, नुसती कणीक झोडा.

ही पोळीची कणीक नव्हे. एक किलो गव्हाचं पीठ पातळ सुती कापडातून गाळून घ्यायचं. कोंड्याचा कण राहिला की नेमकी तिथंच चिकी, म्हणजे कणकेचा चिवट ताण, तुटते आणि रोटीला भोक पडतं. दोन चमचे मीठ आणि अर्ध्या लिटरहून थोडं जास्त पाणी घालून आधी घट्टसर मळायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं. मग परात घेऊन बसायचं. पाण्याचा हबका मारायचा, कणीक उचलून आपटायची, ओढून दुमडायची, पुन्हा हबका. असं करत एकूण पाणी पाऊण लिटरच्या पुढंमागं जातं; गहू आणि दळण कसं आहे त्यावर ते ठरतं. सगळं पाणी एकदम ओतलं तर लापशी होते आणि चिकी लवकर धरत नाही. नवखा माणूस हटकून हीच चूक करतो, कारण त्याचं मन परातीत नसतं, ताटात असतं.

सुरुवातीला कणीक बोटांना लोंबते, तुटते, चिडवते. पंधरा-वीस मिनिटांनी आवाज बदलतो. आधीचा फसफसा 'थप' जाऊन कडक 'चट' ऐकू येतो, परातीचा तळ सुटू लागतो. मूठभर उचलून धरली तर तुकडा न पडता ती सायीसारखी ओघळत खाली येते. हा क्षण बोटांना कळला की मोठी मजा असते. घड्याळाकडं पाहत झोडणाऱ्याच्या हातून तोच निसटतो. नाही कळला तरी बिघडत नाही. पाव तास झाकून ठेवा आणि तीच कणीक पुन्हा घ्या. एका परातीवर तीनतीनदा सराव होतो.

मग हात. गोळा ओल्या तळव्यांवर घेऊन एका हातावरून दुसऱ्यावर, मनगटावरून कोपराकडं ओघळू द्यायचा. ओढायचा नाही, आपल्या वजनानंच तो लांबतो. ओढला की बोटांच्या टोकाशी फाटतो. बांगड्या, घड्याळ काढून ठेवा, नखंही कापा. फेकीचा अंदाज यावा म्हणून आधी थंड माठावर ओलं फडकं टाकून पाहावं. हसू येतं, येऊ द्या.

चूल सगळ्यात शेवटी. नवा माठ रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, पहिल्यांदा मंद आचेवरच तापवायचा, नाहीतर तडकतो. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, भडकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते, म्हणून खाली बाभळीचं एखादं लाकूड असू द्यावं. माठावर पाण्याचे थेंब शिंपडा: नाचून उडाले तर तयार, नुसते बसून वाळले तर रोटी चिकटेल. फार तापला तर फुगे करपतात आणि जाड भाग कच्चा राहतो. अशा वेळी जाळ मागं ओढा, गार पाणी ओतू नका.

आणि पाहुणे जेवायला यायचे असतील त्या दिवशी शिकायला बसू नये, बाप्पा! वीस रोट्या मोजायच्या म्हटलं की हात ओघळायचं सोडून ओढायला लागतात. घरचेच चौघं असू द्या, शेजारी पोळ्यांचा डबा भरलेला असू द्या. फाटलेल्या रोट्या झणझणीत रस्श्यात चुरून खाता येतात, आणि त्या पहिल्या संपतात.