आमची वाटचाल: चाखल्याशिवाय डबा हलत नाही

आमच्या शोकेसमध्ये एक झाकणवाली चिनी वाटी तीन वर्षं पडून होती. आमचे हे जहाजावर होते. तारवटी माणूस घरी येताना काही ना काही घेऊन येतोच, तशी ती हाँगकाँगहून आली होती. खाली बशी, मध्ये बिनकानाची वाटी, वर झाकण. तिचं काय करायचं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून मी तिच्यात वेलची ठेवायचे. तिला गायवान म्हणतात आणि ती चहा करायची असते हे कळलं, तोवर ह्यांनी जहाज सोडलं होतं आणि पुढे काय करायचं याचा खल घरात रोज रात्री चालला होता.

2014 च्या एप्रिलमध्ये आम्ही दार्जिलिंगला गेलो ते फिरायला म्हणून. तिथल्या एका मळ्याच्या कारखान्यात चहा चाखण्याची खोली पाहिली आणि फिरणं बाजूलाच राहिलं. लांब टेबलावर पांढरे झाकणाचे कप ओळीनं मांडलेले. प्रत्येकात तोलून अडीच ग्रॅम पत्ती, वर उकळतं पाणी, पाच मिनिटं. मग कप झाकणासकट वाडग्यावर आडवा करायचा. चहा दातेरी काठातून खाली उतरतो आणि पत्ती कपातच राहते. चाखणारे गृहस्थ चमचा ओठाशी नेत आणि फुर्रकन इतक्या जोरात ओढत की मी दचकलेच. लहानपणी असा आवाज केला की पाठीत धपाटा बसायचा. त्यांनी समजावलं, हवेसकट ओढला की चहा सगळ्या जिभेवर पसरतो आणि वास घशामागून नाकात चढतो. त्या दिवशी आम्ही ओळीनं अकरा चहा चाखले. एकाच डोंगरावरच्या, एकाच जातीच्या झाडांचे, आणि एकाची चव दुसऱ्याला नव्हती.

पुढच्या वर्षी म्हापशाच्या बाजाराला लागून चहाच्या दुकानासाठी एक खोली भाड्यानं घेतली. ह्यांच्या साठवणीतले पैसे, माझी एक पाटली आणि सहा जातींची सुटी पत्ती, एवढंच भांडवल.

गोव्यात चार वाजता चहा होणार म्हणजे होणारच. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजतो, उंडे (गोल पाव) येतात, भाजी असते आणि चहा म्हणजे दूध-साखर घातलेला, चांगला लालसर. आमच्या सासूबाईंपुढे मी दार्जिलिंगच्या पहिल्या तोडणीचा, म्हणजे हंगामाच्या सुरुवातीच्या कोवळ्या पानांचा, चहा ठेवला तेव्हा त्यांनी कप उजेडात धरला आणि म्हणाल्या, "हाका रंगूच येवंक ना गो!" गिऱ्हाइकंही तेच म्हणत. पहिल्या सहा महिन्यांत जे काही विकलं ते बहुतेक पर्यटकांनी नेलं. आमची माणसं दारातून डोकावून वास घेत आणि पुढे जात.

मग मे महिना आला, पुरुमेंताचे दिवस. पावसाळ्याच्या बेगमीसाठी बाजार सुक्या मिरच्या, कोकम, सुके बांगडे आणि सुंगटांनी (कोळंबीने) भरून जातो. आमच्या भिंतीपलीकडचं दुकान सुक्या मासळीचं होतं आणि दोन्ही खोल्यांना मिळून एकच झरोका होता. माझ्या हे ध्यानातच आलं नाही. नव्या मालाच्या खोक्याची फॉइल उघडून मी पत्ती मोठ्या डब्यात भरली, आणि त्या डब्याचं झाकण नीट बसत नव्हतं. कारखान्यातून निघताना पत्तीत जेमतेम तीन टक्के ओलावा उरलेला असतो. ती हवेतलं पाणी ओढून घेते, आणि पाण्यासोबत वासही. आठ दिवसांनी मी त्यातली चिमूटभर घरी नेली. सासूबाईंनी कप नाकाशी नेला आणि न पिताच खाली ठेवला. "सुक्या सुंगटांचो वास येता गो हाका."

तेव्हा मला राग आला होता. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन मी डब्यात नाक घातलं तर खरंच येत होता. नऊ किलो पत्ती परसातल्या माडांच्या आळ्यांत गेली. त्यातली पत्ती दोघं घेऊन गेले होते, त्यांना शोधून पैसे परत केले. एकाने घेतले नाहीत, पण दुकानात बसून तासभर दुसरे चहा चाखले, आणि तो आजही दर महिन्याला येतो.

त्या आठवड्यात दोन नियम ठरले. माल आला की आधी घरात चाखायचा, मगच डब्यात भरायचा. आणि गिऱ्हाइकाने चाखल्याशिवाय डबा हलवायचा नाही, मग ते कितीही घाईत असू दे. दुसऱ्या नियमामुळे विक्री कमी होईल असं ह्यांना वाटत होतं. झालं उलटंच. सहा स्टुलं ठेवली, पेले मांडले, आणि जी माणसं दारातून परत जायची ती आत बसू लागली. (खोलीही बदलली. आताची जागा थोडी आत आहे, पण शेजारी शिंपी आहे.)

चाखायला बसवलं की सांगायला शब्द लागतात, आणि पाकिटावरचे शब्द इथे उपयोगाचे नाहीत. दार्जिलिंगच्या दुसऱ्या तोडणीच्या, मे-जूनच्या चहाला मस्कट द्राक्षाचा गंध असतो असं सगळीकडे छापतात. मी मात्र तुडतुड्यांपासून सुरुवात करते. आंब्याच्या मोहराचा घात करणारे तुडतुडे आपल्याकडे कोण ओळखत नाही? त्याच कुळातला एक हिरवा तुडतुडा चहाच्या कोवळ्या पानातला रस शोषतो. पान स्वतःला वाचवायला आतून काही द्रव्यं तयार करतं, आणि त्यांचाच पुढे त्या चहाचा गंध होतो. तैवानचा एक नावाजलेला उलाँगही (अर्धवट आंबवलेला चहा) अशाच किड्याने चावलेल्या पानांचा असतो. हे ऐकून बागायतदार माणूस दुसरा घोट घेतो तो अगदी सावकाश. सेंचा हा जपानी हिरवा चहा प्यायला दिला तर कोळीवाड्यातली माणसं पहिल्याच घोटाला म्हणतात, "दर्याचो वास!" बरोबर आहे, त्यात समुद्राच्या शेवाळाची झाक असतेच. निलगिरी डोंगरातल्या एका हलक्या उलाँगमध्ये मला सुरंगीचा वळेसर आठवतो. ज्याला आठवत नाही त्याला आग्रह करत नाही.

निलगिरीकडे आम्हाला वळवलं ते 2017 ने. त्या जूनमध्ये दार्जिलिंगच्या डोंगरात बंद सुरू झाला आणि 104 दिवस चालला. दुसऱ्या तोडणीचा मोठा हिस्सा झाडांवरच राहिला. आमचं निम्मं दुकान दार्जिलिंगवर उभं होतं. ह्यांनी रात्रीची बस धरली आणि कुन्नूर गाठलं. तिथे बाराही महिने तोडणी चालते, आणि थंडीत दहिवर गोठतं त्या दिवसांतला चहा तर फारच सुगंधी. तेव्हापासून एकाच मुलुखावर भिस्त ठेवायची नाही असं ठरवलं. 2020 च्या मार्चमध्ये सगळंच बंद झालं आणि पहिल्या तोडणीचा माल आलाच नाही, तेव्हा निलगिरी आणि हिमाचलातल्या कांगड्याच्या साठ्यावर आम्ही तग धरला. कांगड्याचा हिरवा चहा फार कमी लोकांना माहीत आहे. 1905 च्या भूकंपात तिथले मळे आणि कारखाने उद्ध्वस्त झाले, नाहीतर ते नाव आज घरोघरी असतं असं मला मनापासून वाटतं.

पाण्याचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माझं माहेर सत्तरी तालुक्यातलं. तिथल्या आमच्या जांभ्याच्या विहिरीचं पाणी प्यायला गोड, पण त्यात लोह आहे. चहातल्या तुरट द्रव्यांशी लोह जुळलं की कप शाईसारखा काळवंडतो. दुकानात मी एकच पत्ती तीन पाण्यांत करून दाखवते: विहिरीचं, नळाचं आणि गाळलेलं. नळाच्या पाण्यात क्लोरीनचा वास असेल तर ते रात्रभर उघडं ठेवून मग उकळायचं. महागडी पत्ती नेऊन "दुकानातल्यासारखा होत नाही" म्हणणाऱ्या दहांपैकी सहांचा घोटाळा पाण्यात असतो, उरलेल्यांचा पत्ती किती मिनिटं ठेवली त्यात.

हिरव्या पत्तीवर उकळतं पाणी ओतलं की ती कडू होते. तिला 70 ते 80 अंश पुरे. थर्मामीटर नको, उकळलेलं पाणी आधी रिकाम्या किटलीत ओतायचं, तिथून कपात, मग पत्तीवर. दर ओतण्याला सुमारे आठ-दहा अंश उतरतात. हिरव्याला दोन मिनिटं, दार्जिलिंगला तीन, आसामला चार ते पाच. कपभर पाण्याला दोन-अडीच ग्रॅम. रंग हवा म्हणून जास्त वेळ ठेवू नका, पत्ती वाढवा.

भांडी विकायला लागलो ती लोकांनी मागितली म्हणून. साखळीला लटकणारे जाळीचे गोळे आम्ही ठेवत नाही. दिसतात गोड, पण अख्खं पान भिजून कितीतरी पट फुगतं आणि त्या गोळ्यात त्याला उलगडायला जागाच नसते. कपाच्या तोंडाएवढी खोल गाळणी घ्या. आतून मुलामा दिलेली बिडाची जपानी किटली चुलीवर ठेवायची नसते, हे आम्ही सुरुवातीला सांगायला विसरलो आणि एका बाईंनी ती गॅसवर ठेवली. मुलामा तडकला. चूक आमची होती, बदलून दिली. माचाचा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा, बांबूचा घुसळणा आपल्या पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरतो. धुऊन, झटकून, उघड्यावर उभा वाळवायचा, ओला नळीत परत घालायचा नाही. आणि गायवान काठोकाठ भरू नका, काठ धरायला थंड राहिला पाहिजे. ह्यांची तीन बोटं पहिल्या महिन्यात भाजलेलीच असायची. आता ते एका हाताने झाकण तिरकं धरून अशी धार सोडतात की पेल्याबाहेर थेंब पडत नाही.

एका हॉटेलने पाच महिने बिल थकवलं तेव्हा दुकान बंद करायची वेळ आली होती. तेव्हापासून हॉटेलांना उधारी नाही. तो भाग एवढाच.

दूध-साखरेच्या चहाला आम्ही कमी लेखत नाही. आसामची सीटीसी, म्हणजे नेहमीची दाणेदार पत्ती, आमच्याकडे आहे आणि ती सगळ्यात जास्त खपते. पोर्तुगीज काळात शिकलेल्या एक निवृत्त शिक्षिका शनिवारी येतात. त्या चहाला अजून "शा" म्हणतात, आणि दर वेळी नव्या माणसाला सांगतात की 1662 साली जी पोर्तुगीज राजकन्या कातारिना मुंबई आंदण घेऊन इंग्लंडची राणी झाली, तिच्यामुळेच तिथल्या दरबारात चहाची आवड पसरली. सांगून झालं की त्या स्वतः दुधाचाच मागतात, दोन चमचे साखर घालून.

या एप्रिलमध्ये पहिल्या तोडणीचं खोकं आलं ते संध्याकाळी, म्हणून सरळ घरी नेलं. सासूबाई आता ब्याऐंशीच्या आहेत. मी फॉइल कापली, चमचाभर पत्ती तळहातावर घेतली आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी दोनदा वास घेतला, एक पान बोटांत मोडून पाहिलं.

"कसलोच वास ना. भर डब्यात."

ह्यांनी गायवान पुसून घेतली आणि पाणी ठेवलं.